चार अंक पुरतात, क्रम अडतो

ग्वाल्हेरच्या लष्करात, महाराज बाड्याच्या आसपास, टोपी बाजार आहे आणि सराफाही आहे. भरजरी टोपीचा काठ, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या चंदेरीचा पदर आणि सराफाच्या काट्यावरचा दागिना या तिन्हींत रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच कुळ नांदते. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. नकली जरीत आतली तार तांब्याची. तांबे, चांदी आणि सोने आवर्तसारणीच्या अकराव्या गणात एकाखाली एक बसतात. अणूत इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने भरतात याचा जो नियम अकरावीत घोकून घेतला जातो, तो नेमका या तिन्ही धातूंच्या बाबतीत चुकतो. नियमानुसार तांब्याच्या ३डी उपकवचात नऊ आणि ४एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन हवेत. प्रत्यक्षात दहा आणि एक असतात. चांदी-सोन्याचेही, एकेक कवच पुढे सरकून, तसेच. पुस्तक याला अपवाद म्हणते, पूर्ण भरलेले उपकवच जास्त स्थिर असते असे कारण देते आणि पुढच्या धड्याला लागते. ज्ञात ११८ मूलद्रव्यांत असे अपवाद सुमारे वीस आहेत. त्यांच्यामागे एक जुना वाद उभा आहे: क्वांटम यामिकीने आवर्तसारणी खरोखर सिद्ध करून दाखवली आहे का, की रसायनशास्त्रज्ञांना आधीच ठाऊक असलेली रचना तिने नव्या भाषेत लिहून काढली? माझे मत असे की या प्रश्नाचे तुकडे पाडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. कवचात जागा किती, हे सिद्ध झाले आहे. त्या जागा कोणत्या क्रमाने भरतात, हे गणिताने तपासता येते, पण एका सूत्रात अजून बांधता आलेले नाही. आणि मुळात 'जागा' म्हणजे काय, यावरच काही जाणकारांचे एकमत नाही.

अंक कुठून आले

इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणारे चार क्वांटम अंक सिद्धांतातून अवतरले अशी समजूत पाठ्यपुस्तकांच्या मांडणीमुळे होते. घडले उलट. १८८५ मध्ये बाल्मरने हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा पूर्णांकांच्या सूत्रात बसवल्या. त्या पूर्णांकांना अर्थ मिळाला १९१३ मध्ये, बोरच्या प्रारूपात. पहिला अंक, एन, तो हाच: इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरवणारा. रेषा बारकाईने पाहिल्यावर त्या एकेकट्या नाहीत, जवळजवळच्या रेषांचे झुबके आहेत हे दिसले, म्हणून सॉमरफेल्डने लंबवर्तुळाकार कक्षा आणि दुसरा अंक आणला. चुंबकीय क्षेत्रात रेषा आणखी फुटतात, म्हणून तिसरा. दर वेळी आधी रेषा फुटली आणि मग अंक आला. इलेक्ट्रॉनांची कवचांत वाटणी करण्याचे कामही बरेचसे रसायनशास्त्राच्या बाजूने झाले. १९२१ मध्ये चार्ल्स बरी यांनी मूलद्रव्यांच्या रासायनिक वागणुकीवरून कवचांची मांडणी सुचवली, १९२४ मध्ये एडमंड स्टोनर यांनी उपकवचांची आजची वाटणी जवळपास पूर्ण केली, आणि स्टोनर यांच्या त्या वाटणीचा आधार घेऊन पाउलीने १९२५ मध्ये अपवर्जन तत्त्व मांडले: एका अणूत कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत. चौथा अंक त्याने दोनच किमती घेणारा एक गुण म्हणून आणला. त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी त्या गुणाला स्पिन हे नाव आणि भौतिक अर्थ दिला.

या कथेतला सर्वांत चमत्कारिक प्रयोग चांदीवर झाला. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. तो दोन भागांत विभागला गेला. त्यांना वाटले, सॉमरफेल्डच्या कक्षांचे दिशाबंधन सिद्ध झाले. चांदीचा सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन ५एसमध्ये असतो, त्याला कक्षेचा कोनीय संवेग नसतोच, आणि दोन भाग पडतात ते केवळ त्याच्या स्पिनमुळे, हे स्पष्ट व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे चौथा अंक प्रयोगात आधी दिसला आणि कल्पनेत नंतर आला. चांदी नियमाप्रमाणे वागली असती तर बाहेरच्या ५एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन जोडीने असते, एकटा उरला असता तो ४डीमधला, कक्षीय संवेग असलेला, आणि झोताचे असे साधे दोन भाग पडले नसते. ज्याला आपण अपवाद म्हणून बाजूला सारतो त्याच्यामुळे हा प्रयोग इतका स्वच्छ झाला.

याच काळातले दुसरे उदाहरण हाफ्नियमचे. ७२व्या क्रमांकाचे मूलद्रव्य दुर्मिळ मृदा धातूंपैकी असावे असा एक दावा होता. बोरचे म्हणणे होते की ते झिर्कोनियमसारखे असणार. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांना ते झिर्कोनियमच्या खनिजातच सापडले, आणि डिसेंबर १९२२ मधल्या आपल्या नोबेल व्याख्यानात बोरने ही बातमी दिली. क्वांटम सिद्धांताचा विजय म्हणून ही गोष्ट शंभर वर्षे सांगितली जाते. मात्र हेच भाकीत बरी यांनीही केले होते, आणि बोरच्या युक्तिवादातही निखळ गणितापेक्षा रसायनशास्त्राचा अनुभव जास्त होता, असे विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक दाखवून देतात. ही हरकत मला पटते. तिच्यामुळे बोरचे श्रेय कमी होत नाही. सिद्धांत आणि अनुभव यांची तेव्हा किती सरमिसळ होती एवढेच कळते.

पक्के काय आहे

१९२६ मध्ये श्रोडिंगरचे समीकरण आले आणि पहिले तीन अंक उसने घ्यावे लागेनासे झाले. हायड्रोजनसाठी ते समीकरण सोडवताना आपोआप पडतात. एनची किंमत १, २, ३ अशी. दुसऱ्या अंकाची, एलची, शून्यापासून एन वजा एकपर्यंत. तिसऱ्या अंकाच्या वजा एलपासून अधिक एलपर्यंत, म्हणजे दोन एल अधिक एक इतक्या किमती. स्पिनच्या दोन किमतींनी गुणले की एस, पी, डी, एफ उपकवचांत अनुक्रमे २, ६, १०, १४ जागा मिळतात आणि संपूर्ण कवचात २, ८, १८, ३२. स्पिन स्वतः १९२८ च्या डिरॅकच्या समीकरणातून बाहेर पडतो. इथपर्यंत कुणाचाही वाद नाही.

वाद सुरू होतो तो दहावीतल्या पोटॅशियमपासून. बालभारतीच्या पुस्तकात त्याचे संरूपण २, ८, ८, १ असे लिहिलेले असते. तिसऱ्या कवचात अठरांची सोय असताना आठवर थांबून एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो, हा प्रश्न वर्गातला एखादा तरी मुलगा विचारतोच. कवचांची क्षमता २, ८, १८, ३२. आवर्तांची लांबी मात्र २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. पहिली ओळ सिद्धांत देतो, दुसरी निसर्ग. दोघींमधला पूल म्हणजे एन अधिक एलचा नियम: ज्या उपकवचाची ही बेरीज कमी ते आधी भरते, बेरीज सारखी असेल तर कमी एनवाले आधी. ४एसची बेरीज चार, ३डीची पाच, म्हणून ४एस आधी. फ्रान्समध्ये शार्ल जाने यांच्या १९२० च्या दशकाअखेरच्या सारणीत हा क्रम दिसतो, १९३६ मध्ये माडेलुंग यांनी तो अनुभवजन्य नियम म्हणून छापला, आणि पुढे क्लेचकोव्स्की यांनी त्याला सैद्धांतिक आधार देण्याचा प्रयत्न केला. नियम सोपा आहे, लक्षात राहतो, आणि दुसऱ्या ओळीतल्या सातही आवर्तांची लांबी बिनचूक देतो. तो का लागू पडतो, इथे मते फुटतात.

तीन बाजू

पहिल्या बाजूचे म्हणणे असे की प्रश्न सुटलेला आहे. हायड्रोजनमध्ये ऊर्जा फक्त एनवर अवलंबून असते कारण तिथे दुसरा इलेक्ट्रॉनच नाही. अनेक इलेक्ट्रॉन असले की आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार झाकतात; एस इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ जास्त घुसतो, डी कमी, म्हणून एकाच कवचात एस खाली आणि डी वर जातो. हे गुणात्मक झाले. संख्यात्मक बाजू १९२८ मध्येच फर्मीने हाताळली: अणूतले इलेक्ट्रॉन हा एक विरळ होत जाणारा ढग मानून त्याने डी आणि एफ इलेक्ट्रॉन कोणत्या मूलद्रव्यापासून दिसू लागतील ते काढले. या पद्धतीतून निघणारे सूत्र मोठे देखणे आहे. दोन एल अधिक एकचा घन करा आणि ०.१५५ ने गुणा. त्या एलचा पहिला इलेक्ट्रॉन ज्या अणुक्रमांकाला येतो तो आकडा जवळपास मिळतो. ०.१५५ च्या जागी ०.१७ घेतले तर पी, डी आणि एफसाठी ५, २१ आणि ५८ मिळतात: बोरॉन, स्कँडियम, सीरियम. तिन्ही बरोबर. आणि आज कोणत्याही अणूची निम्नतम अवस्था संगणकावर काढता येते, तांब्याचे दहा आणि एकही त्यात येतात. मग आणखी काय सिद्ध करायचे राहिले, असा या बाजूचा सवाल आहे.

दुसऱ्या बाजूची हरकत त्या ०.१७ वरच बोट ठेवते. सिद्धांत ०.१५५ देतो, ०.१७ उत्तर पाहून घेतलेला आहे. स्वीडिश क्वांटम रसायनशास्त्रज्ञ पेर-ऑलोव्ह लोव्हदिन यांनी १९६९ मध्ये नेमके हेच म्हटले: एन अधिक एलचा इतका साधा नियम अजून मूळ तत्त्वांतून कुणी काढलेला नाही, आणि ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर देमकोव्ह आणि ओस्त्रोव्स्की यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असे एक विभव शोधले ज्यात ऊर्जा एन अधिक एलवर अवलंबून असते; रूमर, फेट आणि इतरांनी सममितीच्या गणिताने सारणी मांडली. विज्ञानाचे तत्त्वज्ञ एरिक सेरी यांनी हा प्रश्न तीस-पस्तीस वर्षे लावून धरला आहे. त्यांचा मुद्दा संगणकाच्या विरुद्ध नाही. एकेका अणूचे उत्तर एकेकदा काढणे आणि सगळ्या अणूंत तोच क्रम का दिसतो हे सांगणे, ही दोन कामे आहेत, आणि पहिले झाले म्हणून दुसरे झाले असे होत नाही, एवढेच ते म्हणतात. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. खुंटी थोडी पिळल्यावर बरोबर सूर देणारे सूत्र निरर्थक नसते, पण त्याला व्युत्पत्ती म्हणता येत नाही.

तिसरी बाजू प्रश्नच बदलायला सांगते, आणि माझ्या वाचनात तीच सर्वांत कमी पोहोचलेली आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन श्वार्ट्झ यांच्या मते नियमाची व्युत्पत्ती शोधण्यापूर्वी नियम खरा आहे का ते पाहावे. ४एस आधी भरते म्हणून ते खाली, असे मानले तर लोखंडाचे आयन होताना ४एसमधलेच दोन इलेक्ट्रॉन आधी का निघतात? जो शेवटी आला तो आधी जायला हवा. स्कँडियम घ्या. उदासीन अणूत ३डीमध्ये एक आणि ४एसमध्ये दोन; एक इलेक्ट्रॉन काढला की एक-एक; आणखी एक काढला की उरतो तो ३डीमधला. म्हणजे स्कँडियमपासून पुढे ३डी हे ४एसच्या खाली आहे. फक्त पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एस खाली असते. मग उदासीन स्कँडियमचे दोन इलेक्ट्रॉन वरच्या ४एसमध्ये कशाला जातात? कारण ३डी आटोपशीर असते, तिथे दाटी झाली की इलेक्ट्रॉन एकमेकांना फार ढकलतात; पसरट ४एसमध्ये गेल्याने एकूण ऊर्जा कमी होते. एकेका इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांची उतरंड आणि संपूर्ण अणूची ऊर्जा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि भरण्याचा क्रम दाखवणारा पाठ्यपुस्तकातला बाण दोन्हींना एकच समजतो. निकेलमध्ये हा गोंधळ टोकाला जातो: सर्वांत खालची एक पातळी ३डी आठ, ४एस दोन या संरूपणाची आहे, पण त्या-त्या संरूपणाच्या सगळ्या पातळ्यांची सरासरी काढली तर ३डी नऊ, ४एस एक हे खाली ठरते. कोणते 'खरे' संरूपण लिहायचे, हे तुम्ही काय मोजता त्यावर ठरते. श्वार्ट्झ पुढे जाऊन म्हणतात की रसायनशास्त्राला एकाकी, वायुरूप अणूचे फारसे काम पडत नाही. संयुगात बसलेल्या अणूत डी उपकवच खाली गेलेले असते आणि तिथे अपवादांची यादी जवळजवळ विरघळते.

यावर शिक्षकांची हरकत असते, आणि ती टाळण्यासारखी नाही: मग मुलांना शिकवायचे काय? नियम सोडला तर हाती काही उरत नाही, धरला तर तो खोटा. हरकतीत तथ्य आहे, पण तिच्यातला पेच वाटतो तेवढा घट्ट नाही. उदासीन अणूचे संरूपण आठवण्याची युक्ती म्हणून एन अधिक एल ठेवावे आणि ऊर्जेच्या पातळ्यांचा तक्ता म्हणून ते शिकवू नये, एवढ्याने अर्धा घोळ मिटतो. एनसीईआरटीने दहावीतून आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळल्यावर ती पुस्तके वापरणाऱ्या मुलांची सारणीशी पहिली खरी ओळख अकरावीत, अणूच्या रचनेच्या लगोलग होते. त्यामुळे सारणी ही संरूपणातून निघते असेच त्यांच्या मनावर ठसते. मेंडेलेएवने १८६९ मध्ये ती मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधच लागलेला नव्हता, हे सांगायला तिथे एक परिच्छेद पुरेल.

सोने पिवळे का

संरूपण सारखे असले की गुणधर्म सारखे, हा सारणीचा पाया मानला जातो. अकराव्या गणात तो डळमळतो. तांबे संयुगांत बहुधा दोन इलेक्ट्रॉन देते, चांदी एक, सोने एक किंवा तीन. रंग तर तिघांचे तीन. चांदीतले डी इलेक्ट्रॉन वरच्या एस पट्ट्यात जायला साधारण ३.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ती ऊर्जा अतिनील प्रकाशाची, म्हणून दृश्य प्रकाश सगळाच परत येतो आणि चांदी पांढरी दिसते. सोन्यात तेच अंतर सुमारे २.४ आहे, निळा प्रकाश शोषला जातो आणि उरतो पिवळा. हे अंतर घटते सापेक्षतेमुळे. ७९ प्रोटॉनांच्या ओढीत सर्वांत आतला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ ५८ टक्के वेगाने असतो. त्याचा परिणाम बाहेरपर्यंत पोहोचून ६एस आकसते आणि ५डी पसरते, वर सरकते. पिक्को आणि देस्क्लो यांनी १९७९ मध्ये या परिणामांचा सर्व सारणीभर मागोवा घेतला, आणि तेव्हापासून जड मूलद्रव्यांचा विचार सापेक्षतेशिवाय कुणी करत नाही. आपल्या वादासाठी याचा अर्थ असा की चार अंकांच्या ज्या भाषेत हा वाद चालतो ती खालच्या ओळींत अपुरी पडते. तिथे कक्षीय संवेग आणि स्पिन वेगळे राहत नाहीत. त्यांची मिळून येणारी बेरीज तेवढी टिकते.

कक्षक असतात का

आणखी खोलवरचा मतभेद कक्षकांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या त्या 'जागां'च्या, अस्तित्वाविषयी आहे. १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये तांब्याच्या ऑक्साइडवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन विवर्तनाने मिळालेला प्रभारघनतेचा नकाशा पुस्तकातल्या डी कक्षकाशी इतका जुळत होता की कक्षक 'पाहिला' असा गाजावाजा झाला. सेरी आणि इतरांनी लगेच हरकत घेतली: दिसली ती घनता, आणि घनता अनेक वेगवेगळ्या कक्षकसंचांतून तीच येऊ शकते. २०१३ मध्ये हायड्रोजनच्या अणूवर असाच प्रयोग झाला. तिथे इलेक्ट्रॉन एकच असल्याने आक्षेप खूप सौम्य होतो. अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत मात्र काटेकोरपणे बोलायचे तर 'या इलेक्ट्रॉनचे हे चार अंक' असे म्हणताच येत नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, आणि अंक टिकतात ते संपूर्ण अणूचे. बेरिलियमसारख्या चार इलेक्ट्रॉनांच्या अणूतही २एस दोन या संरूपणात २पी दोनचा सुमारे दहावा हिस्सा मिसळलेला असतो. याला उत्तर देणारे म्हणतात की दहा टक्क्यांच्या भेसळीने नव्वद टक्के खोटे ठरत नाहीत. ज्या अंदाजावर गेल्या शंभर वर्षांचे रसायनशास्त्र उभे राहिले त्याला मिथ्या म्हणण्यात काय हशील? मला दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि भांडण बव्हंशी 'असणे' या क्रियापदाला किती ताणायचे याचे आहे.

काय उरले आहे

तिसऱ्या गणात स्कँडियम आणि यिट्रियमच्या खाली लँथॅनम बसवायचे की ल्युटेशियम, हा सर्वांत ठसठशीत शिल्लक प्रश्न. आयुपॅकने २०१५ च्या अखेरीस सेरी यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. २०२१ च्या हंगामी अहवालात गटाने ल्युटेशियमकडे कल दाखवला, पण हा निर्णय कोणत्याही एका गुणधर्मावरून वस्तुनिष्ठपणे लागत नाही, काही अंशी तो संकेताचा भाग आहे, हेही कबूल केले. त्याच स्तंभातले लॉरेन्सियम आणखी अवघड. त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन नियमाप्रमाणे ६डीमध्ये हवा; गणित ७पी सांगते. २०१५ मध्ये जपानमध्ये एकेक अणू हाताळून त्याची आयनीभवन ऊर्जा ४.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजली गेली, आणि ती गणिताशी जुळली. हेलियमचेही तसेच. १एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन म्हणून बेरिलियमच्या डोक्यावर, की निष्क्रिय वायू म्हणून निऑनच्या? जाने यांच्या सारणीत ते बेरिलियमवर होते, आपल्या भिंतीवरच्या तक्त्यात निऑनवर. संरूपणालाच सारणीचा आधार मानणाऱ्याला हेलियम हलवावे लागते, न हलवणारा गुणधर्मांना वरचे स्थान देत असतो, त्याला ते जाणवो वा न जाणवो.

खरी परीक्षा आठव्या आवर्तात होईल. एन अधिक एल म्हणते, ११९ आणि १२० ला ८एस भरेल, १२१ ला ५जी सुरू होईल. सापेक्षतेसह केलेली गणिते १२१ चा शेवटचा इलेक्ट्रॉन ८पीमध्ये ठेवतात, आणि त्यापुढे ५जी, ६एफ, ७डी, ८पी इतके जवळ येतात की कोणत्या अणूचे एक संरूपण लिहिता येईल याचीच खात्री राहत नाही. पिक्को यांनी २०११ मध्ये १७२ पर्यंतची सारणी सुचवली तीही नियमाच्या क्रमाने जात नाही. जपानच्या रिकेन संस्थेत ११९ साठी प्रयत्न चालू आहेत. बर्कलीत २०२४ मध्ये टायटॅनियमचा झोत वापरून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळाले. १२० कडे जाण्याची ती तयारी होती. १२१ अजून कुणाच्या वेळापत्रकात नाही, आणि ते कधी मिळालेच तरी त्याचे मोजके अणू क्षणार्धात विघटन पावण्याआधी त्यांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन कुठे आहे हे विचारणारे उपकरण आधी बनवावे लागेल.